विश्लेषण : यंत्राला ‘का?’ असे विचारता येते?

मोबाइलवरच्या चॅटबॉटला आजाराबद्दल विचारले, तर क्षणात उत्तर मिळते. पण ते कशाच्या आधारे दिले, हे खात्रीने कळत नाही. कारण विचारल्यास चॅटबॉट तेही सांगतो. मात्र उत्तर खरोखर त्याच वाटेने आले असेल, याची हमी नसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका संगणक प्रणालीला मात्र आपली वाट दाखवता येत होती.

ही प्रणाली कोणती?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी १९७०च्या दशकात ‘मायसिन’ विकसित केली. रक्तातील जंतुसंसर्ग आणि मेंदूच्या आवरणाचा दाह यांवर कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती देत असे.

तिच्याकडे ज्ञान कसे होते?

तज्ज्ञ डॉक्टरांचे ज्ञान ‘जर-तर’च्या सुमारे ६०० नियमांत मांडले होते. उदाहरणार्थ, जर जंतू रक्तात आढळले, नमुना एरवी निर्जंतुक असणाऱ्या भागातला असेल आणि संसर्ग पचनमार्गातून शिरल्याचा संशय असेल, तर तो ठरावीक गटातला जंतू असण्याची शक्यता मोठी. ही खात्री आकड्यात नोंदवली जाई. या नियमासाठी ती ०.७ होती. प्रणाली निष्कर्षापासून उलट जात लागेल ती माहिती डॉक्टरांना विचारी. ‘हे का विचारतेस?’ असा उलट प्रश्न डॉक्टरांनी टाइप केला, की ती संबंधित नियम समोर ठेवी.

सल्ला कितपत बरोबर होता?

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञांनी मायसिनचे ६५ टक्के सल्ले स्वीकारार्ह ठरवले. त्याच रुग्णांबाबत स्टॅनफर्डच्या प्राध्यापक डॉक्टरांना ४२.५ ते ६२.५ टक्के मिळाले. तरीही मायसिन रुग्णसेवेत प्रत्यक्ष वापरली गेली नाही. माहिती टाइप करण्यात वेळ जाई. शिवाय सल्ला चुकला तर जबाबदार कोण, हा प्रश्नही होताच.

मग ही पद्धत मागे का पडली?

प्रत्येक नियम माणसालाच लिहावा लागे. ‘पक्षी उडतात’ हे लिहिले, की पेंग्विनचा अपवाद आलाच. रोजचे व्यवहारज्ञान असे नोंदवण्यासाठी डग्लस लेनाट यांनी १९८४ मध्ये ‘साइक’ प्रकल्प सुरू केला. अनेक दशके राबूनही ते काम संपले नाही. दरम्यान, प्रचंड माहितीतून स्वतः शिकणारी न्यूरल नेटवर्क पुढे गेली.

आता ती पुन्हा चर्चेत का?

कारण दोन्ही पद्धती एकत्र येत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडने ‘अल्फाजॉमेट्री’ जाहीर केली. तिने भूमितीच्या ऑलिम्पियाड पातळीच्या ३० पैकी २५ प्रश्न ठरलेल्या वेळेत सोडवले. आकृतीत कोणती नवी रेषा काढावी, हे तिचे भाषा-प्रारूप सुचवते. पुढची प्रत्येक पायरी तर्कयंत्र नियमाने सिद्ध करते. त्यामुळे उत्तर तपासता येते.

आजारातही हे जमेल?

भूमितीचे नियम पक्के असतात, आजाराचे नसतात. मायसिनही कोणता नियम वापरला एवढेच सांगे. तो नियम मुळात खरा का, हे तिला ठाऊक नव्हते. मात्र नियम समोर असल्याने चूक कुठे झाली, ते डॉक्टरांना शोधता येई. औषध, कर्ज किंवा नोकरीचा निर्णय यंत्रावर सोपवताना निदान एवढी सोय तरी असायला हवी.