अजिंठ्याच्या चित्रांना आपला श्वासही बाधतो

सुट्टीत मुलांना घेऊन भारतात जाणार असाल आणि यादीत अजिंठा असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

युट्रेख्टहून ट्रेनने तासाभरात लायडनला जाऊन इजिप्तच्या ममी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्याच इजिप्तमध्ये, लक्सरजवळ, राणी नेफरतारीची सुमारे ३२०० वर्षांपूर्वीची रंगीत कबर आहे. १९०४ मध्ये ती सापडली. दगडातलं मीठ ओलाव्याने बाहेर येऊन भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघत होते. १९८६ ते १९९२ या काळात इजिप्तचं पुरातत्त्व खातं आणि अमेरिकेतली गेटी संस्था यांनी ते पोपडे पुन्हा चिकटवले. मात्र जिथला रंग गेला, तिथे नवा भरला नाही. १९९५ मध्ये कबर उघडली, तीही दिवसाला १५० जणांपुरतीच. कारण माणसाचा श्वास आणि घाम म्हणजे पुन्हा ओलावाच!

आपल्या अजिंठ्याचं दुखणंही असंच आहे. तिथला गिलावा माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्रं. त्यामुळे ओलावा, किडे, वटवाघळं सगळ्यांचाच त्रास. १९२० ते १९२२ मध्ये निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, पण वर लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. ते काढण्याचं जिकिरीचं काम नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याला करावं लागलं.

आम्ही आयटीवाले लगेच विचारू, बॅकअप नव्हता का? होता ना! रॉबर्ट गिलने केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. मग ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी नव्या केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. मूळ चित्रं मात्र वाघूर नदीकाठी अजून टिकून आहेत.

म्हणून एवढंच करा. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. फ्लॅश वापरू नका, भिंतीला हात लावू नका. अंधाराला डोळे सरावू द्या, मनसोक्त पाहा आणि पुढच्यांना जागा द्या. रांगेत थांबवलं तर कुरकुरू नका. का थांबवलं, ते मुलांना सांगा. त्यांच्या मुलांनाही ही चित्रं पाहायची आहेत.

पुन्हा भेटूच!