ताज्या म्हशीचा अंदाज

मुंबईत भांडुप आणि मुलुंडच्या मधलं नाहूर स्टेशन २००६ साली झालं. भांडुप-मुलुंड पट्ट्यातले म्हशींचे तबेले त्याच्या कितीतरी आधीचे. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते आरे वसाहतीचं उद्घाटन झालं, ते शहरातल्या म्हशी एका जागी नेण्यासाठी. सगळ्या काही गेल्या नाहीत. पुढे तबेल्यांना पालघरमधल्या दापचरीकडे बोट दाखवून झालं, तरी उपनगरांतले तबेले पुरते हलले नाहीत.

हा धंदा अंदाजावर चालत आला. मुंबईचा तबेलेवाला म्हैस वाढवत नाही, ताजी, म्हणजे नुकतीच व्यालेली, विकत आणतो. हरियाणाची मुऱ्हा, गुजरातची मेहसाणा नाहीतर जाफराबादी, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या वेताची. दलाल दात दाखवतो, दोन्ही वेळची धार समोर काढून देतो. नऊ-दहा महिन्यांनी म्हैस आटली की खरा पेच. गाभण असेल तर गावाकडे धाडून पुढच्या वेतापर्यंत थांबायचं, की विकून ताजी आणायची? मुंबईच्या जागेत भाकड जनावर पोसणं परवडत नाही. मुंबईतल्या एकाच वेतानंतर कितीतरी जातिवंत म्हशी कत्तलखान्यात गेल्या.

त्यात ऋतूचा खेळ. बहुतेक म्हशी पावसाळा ते हिवाळ्यात वितात. तेव्हा दूध उदंड. उन्हाळ्यात दुधाला मागणी, तर ताजी म्हैस मिळता मिळत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये तबेल्याच्या दुधाचा घाऊक दर लिटरला ७३ वरून ८० रुपये झाला, मार्च २०२३ मध्ये ८५, सप्टेंबरात ८७. चुनी, पेंड, पेंढा महागला, हे कारण खरंच होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत बाजारात म्हशी किती येणार, हे जोखायला हाताशी होता तो फक्त दलालाचा फोन.

याउलट अमेरिकेत मांसासाठी जनावरं पोसणाऱ्या, हजारावर जनावरांच्या गोठ्यांत किती आली, किती विकली, हे सरकार दरमहा छापतं. आपल्याकडची पशुगणना म्हणायला पंचवार्षिक. २०१२ नंतरची थेट २०१९ ची. दोन्हींत महाराष्ट्रातल्या म्हशी सुमारे ५६ लाखच. त्यातल्या भाद्रपदात विणाऱ्या किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आता जनावराच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर कृत्रिम रेतनाची नोंद होते. रेतनानंतर गाभण राहिलेली म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते, म्हणजे दहा महिने आधीच अंदाज बांधता येतो. रेड्याकडून फळणाऱ्या म्हशी त्यात येणार नाहीत, हे मान्य. तरीही केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने या रेतनांचे आकडे जिल्हावार, दरमहा जाहीर करावेत.