मोहल्ला समिती म्हणजे खबऱ्यांची टोळी नव्हे

मोहल्ला समिती म्हटले की अनेकांना पोलिसांचे खबरे आठवतात, तर काहींना हातात काठी घेऊन गस्त घालणारी पोरे. दोन्ही समज चुकीचे असले तरी स्वाभाविक आहेत, कारण एरवी पोलीस दारात येतात ते काही घडल्यावरच. मोहल्ला समितीमागची कल्पना मात्र सामुदायिक पोलिसिंगची (रहिवासी आणि पोलीस यांनी मिळून गुन्हा घडण्याआधीच केलेले काम) आहे. हे काम पावसाळ्याआधी घर शाकारण्यासारखे आहे. गळती लागल्यावर बादली ठेवण्यापेक्षा फुटलेले कौल आधीच बदललेले बरे.

भिवंडीचे उदाहरण मोलाचे आहे. यंत्रमागांच्या या गावात १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे वस्तीवस्तीत समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी आणि हद्दीतला पोलीस एकत्र बसू लागले. नळावरचे भांडण असो वा एखादी अफवा, विषय तिथेच निघे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी मात्र शांत राहिली.

समितीला झडतीचा किंवा चौकशीचा अधिकार नसतो. समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा (पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही असा) घडला, तर कोणताही नागरिक आरोपीला धरू शकतो. मात्र विनाविलंब, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांकडे द्यावेच लागते. मारहाण हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. वस्तीत संशयित दिसला, तर ११२ वर फोन करावा.