नाणेप्रदर्शनातील किंमत आणि पारख : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

नाणे हे इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन मानले जाते. महाविद्यालयांच्या व व्यक्तींच्या संग्रहात मात्र नाणी अनेकदा देणगीतून अथवा खरेदीतून येतात. पुण्यातील 'कॉइनेक्स'सारखी नाणेप्रदर्शने हे अशा खरेदीचे एक प्रमुख ठिकाण होय. तेथील विक्रेता किंमत कशी ठरवितो आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची कोणती गोष्ट त्या किमतीत मोजली जात नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाण्याची किंमत पारखणाऱ्याने ठरवावी, ही बाब महाराष्ट्राला नवी नाही. मराठेशाहीत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक रुपये एकाच वेळी चालत. एका टाकसाळीचा रुपया दुसरीकडे चालवावयाचा तर सराफ त्यावर बट्टा आकारी. हा बट्टा म्हणजे त्याच्या पारखीचा व जोखमीचा मोबदलाच होता. आजचा नाणेविक्रेता विकत घेण्याचा आणि विकण्याचा भाव यांत जे अंतर ठेवतो, ते या बट्ट्याचेच आधुनिक रूप म्हणावे लागेल. या अंतरात टेबलाचे भाडे, प्रवास, वर्षानुवर्षे न खपलेल्या मालात अडकलेले भांडवल आणि फसगतीची भरपाई या साऱ्यांचा समावेश असतो. त्यामुळे केवळ अंतर मोठे आहे म्हणून विक्रेत्याला लबाड ठरविणे न्याय्य नाही.

चांदीच्या नाण्याला किमतीची एक खालची मर्यादा असते. ब्रिटिशकालीन रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम, शुद्ध चांदी होती. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले. कोल्हापुरात गुजरीतील सराफ अशा रुपयाकडे मोड म्हणून पाहतो. प्रदर्शनातील विक्रेत्याला त्याहून अधिक दर द्यावाच लागतो, अन्यथा नाणे मुशीत जाते. चांदी कडाडली की सामान्य सालाचे रुपये वितळले जातात, हे त्याचेच पर्यवसान होय.

या मर्यादेच्या वर दुर्मीळता आणि मागणी यांचे राज्य सुरू होते. या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, असा आक्षेप आला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली गेली होती. त्यांपैकी सुमारे ७ लाख चलनात आली आणि उरलेली वितळविली गेली. चलनात आलेली संख्या लहान नव्हे. तरीही या कथेमुळे 'डुकराचा रुपया' प्रत्येक संग्राहकाला हवा असतो. उलट १९३९ चा रुपया खरोखरच अत्यंत विरळ आहे. ज्या नाण्याची सारी किंमत सालाच्या एका आकड्यावर उभी असते, तेथे तो आकडा बदलण्याचा मोहही तितकाच मोठा असतो.

विक्रेत्याला ठाऊक असलेली गोष्ट ग्राहकाला ठाऊक नसते, तेव्हा बाजारात काय घडते याचे विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. खरे-खोटे ओळखता न आल्याने ग्राहक सरासरीच किंमत देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. शिवराईचा बाजार हे त्याचे घरचे उदाहरण ठरावे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ज्ञात असलेले, 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही दीर्घकाळ पाडले जात होते. त्यामुळे बाजारातील पुष्कळशी शिवराई शिवकालीन नसते. तथापि टेबलावरच्या ढिगाला सरसकट शिवकालीन म्हटले जाते आणि नवखा ग्राहक श्रद्धेपोटी ते मान्य करतो. अक्षरवळण व वजन तपासणारा अभ्यासक त्याच ढिगातून मोजकी नाणी वेगळी काढू शकतो. खिशात लहान वजनकाटा व भिंग असले की संभाषणाचा सूर बदलतो. पहिल्या तासाला भवानी व्हावी म्हणून आणि शेवटच्या संध्याकाळी माल परत न्यावा लागू नये म्हणून दरही उतरतात.

परंतु ज्या गोष्टीला बाजारात जवळजवळ मोलच नाही, ती म्हणजे नाण्याचे प्राप्तिस्थान. कोल्हापूरच्या कुर राजांची शिशाची नाणी या दृष्टीने विचारात घ्यावीत. धनुष्यबाणाचे चिन्ह असलेल्या या नाण्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर ही नावे आढळतात. काही नाण्यांवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्याचा ठसा मारलेला आहे, आणि त्यावरूनच या राजांचा अनुक्रम लावता आला. असा दुहेरी ठसा नवख्या ग्राहकाला विद्रूप वाटतो. इतिहासाला तोच अधिक बोलका असतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननात मिळालेल्या वस्तूंना थराचा आधार आहे. तेच नाणे पंचगंगेच्या काठी कोणाला सापडून चार हातांतून टेबलावर आले, तर 'दक्षिण महाराष्ट्र' एवढीच त्याची ओळख उरते. त्यातही ते आम्लाने चकचकीत केलेले असले, तर मातीचा शेवटचा पुरावाही धुऊन गेलेला असतो.

कायद्याचीही येथे दखल घ्यावी लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. दहा रुपयांत आज चांदीचा एक रुपयाही मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, त्याच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही. विभागासाठी खरेदी करणाऱ्या प्राध्यापकाने म्हणूनच पावतीवर नाण्याचे वजन, वर्णन आणि विक्रेत्याने ते कोठून व केव्हा घेतले याची नोंद मागावी. काही विक्रेते ती सहज देतात. काही टाळतात, आणि अशा वेळी नाणे परत टेबलावर ठेवणेच इष्ट ठरते.