पोलिओचा नाकातला भाऊबंद

पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र भारताला २०१४ मध्ये मिळाले. त्याच पोलिओच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद मात्र अजूनही आपल्या नाकात खुशाल मुक्काम ठोकतो, आणि त्याच्यावर आजही लस नाही. एकाच कुळातल्या दोघांचे नशीब इतके वेगळे का, हा प्रश्न माझ्यासारख्या पदवीवाचून विज्ञान वाचणाऱ्याला बरीच वर्षे सोडत नव्हता.

याचे नाव ऱ्हायनोव्हायरस. सर्दी-पडशाचे सर्वांत मोठे कारण हाच. दोघांची बांधणी सारखी: सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचे, वीस पैलूंचे प्रथिनांचे कवच आणि आत सात हजारांवर अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. फरक स्वभावात आहे. पोलिओचा विषाणू जठरातल्या आम्लातून सहीसलामत आतड्यात पोचतो. ऱ्हायनोव्हायरस आम्लात टिकत नाही. त्याचे घर मुख्यतः नाक. शिवाय त्याला गारवा मानवतो. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी येथे १९४६ पासून सर्दीच्या अभ्यासाचे एक केंद्र होते. धडधाकट माणसे तिथे आपखुशीने दहा दिवस राहायला येत आणि नाकात सर्दीचे थेंब घालून घेत (सुट्टी घालवायची ही तऱ्हा इंग्रजांनाच सुचावी!). पण प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणू काही केल्या नीट वाढेना. अखेर १९६० मध्ये डेव्हिड टायरेल यांनी पेशी ३७ ऐवजी ३३ अंशांवर ठेवल्या आणि तो वाढला. नाकाच्या आत जवळपास तेवढेच तापमान असते.

लसीचे घोडे अडते ते प्रकारांपाशी. पोलिओचे प्रकार तीन. तिन्ही दोन थेंबांत मावले. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक, आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला बहुधा ओळखत नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ५० प्रकार एकत्र करून माकडांना टोचले, तेव्हा बहुतेक सर्वांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. माणसांपर्यंत ती लस आलेली नाही. अँटिबायोटिकचा तर इथे संबंधच नाही; ती जिवाणूंवर चालतात. तरी साध्या सर्दीला ती मागणारे रुग्ण आणि लिहून देणारे डॉक्टर, दोन्ही मी पाहतो.

‘सर्दीच ती’ म्हणून हे सारे सोडूनही दिले असते. पण दमेकरी मुलांना अचानक धाप लागते, त्यामागे बहुतेकदा हाच विषाणू असतो. त्याचा ‘सी’ गट या शतकात सापडला, कारण नेहमीच्या पेशींत तो वाढतच नाही. श्वासमार्गातल्या पेशींवरच्या सीडीएचआर३ नावाच्या प्रथिनाला तो चिकटतो. काही मुलांत या प्रथिनाचे एक वेगळे रूप जन्मतःच असते. त्यांच्या पेशींवर ‘सी’ अधिक सहज पकड घेतो, आणि दम्याने पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती होणाऱ्या लहानग्यांत तेच रूप अधिक आढळले आहे.