फू स्स-न्येन : गुणवत्ता आणि गरिबाचा प्रवेश

विद्यापीठ कोणाचे, असा प्रश्न विचारला की प्रस्थापित लगेच 'गुणवत्ता' पुढे करतात. गुणवत्ता एकीकडे आणि गरिबाचा प्रवेश दुसरीकडे, अशी वाटणी त्यांनी करूनच टाकलेली असते. घरातला पहिला पदवीधर म्हणून ही वाटणी मी विद्यार्थिदशेत सोसली. आता प्राध्यापकांच्या खोलीत रोज ऐकतो. म्हणून तैवान विद्यापीठाचे कुलगुरू फू स्स-न्येन यांची कारकीर्द मला महत्त्वाची वाटते.

फू यांचा जन्म १८९६ चा, चीनच्या शांतुंग प्रांतातला. पेकिंग विद्यापीठात ते हू शी यांचे विद्यार्थी. हे हू शी कोलंबियात जॉन ड्युई यांच्याकडे शिकले. बाबासाहेबही ड्युईंचेच विद्यार्थी. ४ मे १९१९ च्या विद्यार्थी-मोर्च्यात फू आघाडीवर होते. लंडन-बर्लिनचे शिक्षण संपवून आल्यावर १९२८ मध्ये त्यांनी इतिहास व भाषाशास्त्राची संशोधनसंस्था उभारली. राजकारणात त्यांनी सत्तेची भीड धरली नाही. सरकारप्रमुख सुंग त्झ-वेन हे च्यांग कै-शेक यांचे मेहुणे; त्यांनी पायउतार व्हावे, असे फूंनी फेब्रुवारी १९४७ मध्ये उघड लिहिले. आर्थिक गोंधळाने आधीच घेरलेल्या सुंगना १ मार्चला जावे लागले.

जानेवारी १९४९ मध्ये ते तैवान विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे विद्यापीठ जपानी सत्तेने १९२८ मध्ये स्थापलेले. फूंनी वशिल्याच्या चिठ्ठ्या बंद केल्या, प्रवेश परीक्षेवरच. इथपर्यंत आपले गुणवत्तावादीही टाळ्या वाजवतील. पण फू तिथे थांबले नाहीत. २० डिसेंबर १९५० रोजी प्रांतिक सभेत सदस्य कुओ कुओ-ची यांच्या प्रश्नांना उत्तर देताना त्यांनी सांगितले, की अंगी कुवत आणि कष्टाची तयारी असलेल्या मुलाला केवळ पैसा नाही म्हणून बाहेर घालवणे आपल्याला सहन होणार नाही. उत्तर देऊन ते खाली आले आणि कोसळले. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच रात्री त्यांचे निधन झाले. वय ५४.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. ६ एप्रिल १९४९ रोजी वसतिगृहांतून विद्यार्थ्यांना पकडून नेणारी राजवट ही त्यांचीच बाजू होती. तिचा लष्करी कायदा १९८७ पर्यंत टिकला. परीक्षाही दिसते तितकी समान नव्हती. बेटावरची पिढी जपानीत शिकलेली, आणि नव्या राज्याची भाषा मँडरिन! ज्याची भाषाच रातोरात अडाणी ठरली, त्याचे गुण कोणत्या मापाने मोजायचे? हा प्रश्न आपल्यालाही अनोळखी नाही.

तरीही एक गोष्ट उरते. वशिल्याचे मागचे दार बंद करणे आणि गरिबासाठी पुढचे दार उघडे ठेवणे, ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. दुसरे केल्याशिवाय पहिले खोटे ठरते. तैपेईत त्यांच्या नावाची घंटा २१ ठोके देते. दिवसाचे तास २१च, उरलेले ३ विचारासाठी, असे ते म्हणत. आपल्या विद्यापीठांनी ते ३ तास नेमक्या याच प्रश्नाला द्यावेत.