नळ आणि नाली: पैसा कुठून येतो?

जिल्हा : जालना. ८ तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५९,०४६. दर पाचांपैकी चारजण खेड्यात.

मोठी योजना : निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्यावर परतूर, मंठा व जालना तालुक्यांतील १७६ गावांची ग्रीड योजना.

नळासाठी : जलजीवन मिशन (१५ ऑगस्ट २०१९). माणशी रोज ५५ लिटर पाणी. महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा. गावांतर्गत कामांत लोकवर्गणी साधारण १० टक्के. मूळ मुदत २०२४, आता २०२८.

सांडपाण्यासाठी : स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण), टप्पा २. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत. यातले ३० टक्के ग्रामपंचायतीने १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे.

हिशेब मांडून पाहा : दोन हजार वस्तीच्या गावात नळाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी येणार. त्यातले बरेचसे न्हाणी-मोरीतून बाहेर पडणार. त्याच्या निचऱ्यासाठी जास्तीत जास्त ५ लाख ६० हजार रुपये. पैकी १ लाख ६८ हजार ग्रामपंचायतीचे.

स्वस्त उपाय : शोषखड्डा. नांदेड जिल्ह्याने तो गावोगावी नेला. काळ्या चिकण जमिनीत मात्र पाणी हळू मुरते; तिथे खड्डा मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो.

दुरुस्ती, वीजबिल : ग्रामपंचायतीकडे. त्यामुळे पाणीपट्टीची वसुली थकली, की योजनाही थकते.